वीज वाचवा, नवीन घ्या!

वीज वाचवायची तुमची कधीपासूनची इच्छा आहे, मला माहीत आहे. मग अजून वाचत का नाही? उघड आहे, तुम्ही खरेदीत कमी पडलात. बचत घरात होत नसते. ती दुकानातून आणावी लागते, खोक्यात बंद करून, थर्माकोलसकट, जिना चढवताना भिंतीचा कोपरा फोडून. हे ज्ञान मला अलीकडेच एका ग्राहक सेवा केंद्राकडून मिळालं. कसं मिळालं ते पुढे येईलच. तूर्त राग गिळून चार हिताच्या गोष्टी सांगते.

सुरुवात फ्रिजपासून करू. फ्रिज घेताना लेबलवरचा दर्जा पाहायचा, आकार पाहायचा नाही. हा दर्जा सहसा आकाराच्या मानाने ठरतो. म्हणजे कपाटाएवढा फ्रिज त्याच्या जातीत गुणी निघाला की त्यालाही वरचा दर्जा मिळतो, मग तो शेजारच्या लहान आणि बेताच्या गुणांच्या फ्रिजपेक्षा वर्षाला जास्त युनिटं का खाईना. युनिटांचा आकडा त्याच लेबलवर छापलेला असतो. तो वाचू नका, डोळ्यांना ताण पडतो. युरोपात या लेबलांची गंमतच झाली. ‘ए’ म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, त्यावर सगळेच पोचले म्हणून ‘ए प्लस’ आलं, मग दोन प्लस, मग तीन प्लस. शेवटी 2021 साली सगळे प्लस खोडून पुन्हा ए ते जी अशी साधी पट्टी लावावी लागली आणि कालचे कितीतरी तीन प्लसवाले एका रात्रीत खालच्या बाकांवर जाऊन बसले. यंत्रं तीच, वीज तेवढीच. फक्त दुकानातल्या विक्रेत्यांचं पाठांतर वाया गेलं.

नवा फ्रिज आला म्हणून जुना मोडीत काढायचा नाही हं. तो मागच्या खोलीत सुरू ठेवायचा, ‘असू दे, पाहुणेबिहुणे आले तर.’ नवा कमी खातो, जुना पूर्वीइतकंच खातो. दोघांची बेरीज करणारी माणसं मुळातच रसिक नसतात. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ त्यातलेच. त्यांनी 1865 मध्ये लिहून ठेवलं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली म्हणून कोळशाचा खप घटला नाही. इंजिन चालवणं परवडायला लागलं, इंजिनं वाढली आणि खप चढतच गेला. त्यांनी हे काळजीपोटी लिहिलं होतं. आपण ते घर सजवण्याचं मार्गदर्शन म्हणून वाचावं. एलईडी आले, चांगलं झालं, जुन्या तारेच्या दिव्यांची बहुतेक सगळी वीज उष्णतेत जायची. म्हणून आता छतात नऊ दिवे, पायरीखाली पट्टी, आरशामागे पट्टी, आणि वर ‘एलईडीच आहेत हो, काय लागतंय त्यांना!’

एसीचा आकडा सोळावर आणा आणि दोन पांघरुणं घ्या. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सोळावर ठेवा की चोवीसवर, खोली थंड करतो त्याच वेगाने, फक्त सोळावर त्याला थांबायला मिळत नाही. पण रिमोटवरचं बटण जोरजोरात दाबण्याचं समाधान वेगळंच.

मोबाइलचा चार्जर मात्र न विसरता काढून ठेवा. यात हयगय नको. घरातल्या प्रत्येकाला रोज ओरडा, ‘प्लग काढला का रे?’ चांगला चार्जर नुसता भिंतीला लटकलेला असताना वॅटच्या दहाव्या भागाएवढी वीज घेतो. वर्षभर तसाच राहिला तर जेमतेम एक युनिट. तो काढल्यावर देश वाचवल्याच्या आनंदात गरम पाण्याच्या शॉवरखाली उभे राहा, निवांत. मिनिटाला दहा लिटर धरले तर दहा मिनिटांत शंभर लिटर. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला लागतात जवळपास तीन युनिटं. म्हणजे तीन वर्षांच्या चार्जर-साधनेचं पुण्य एका आंघोळीत वाहून जातं, तरी डोकं शांत राहतं. गणित नको असेल तर एवढंच लक्षात ठेवा: जे तापवतं किंवा थंड करतं त्याच्याकडे पाहायचं नाही आणि ज्याचा छोटा लाल दिवा लुकलुकतो त्याच्यावर तुटून पडायचं.

‘कमी वापरा’ असं कुणाला कधीही सांगू नका. जिमी कार्टर यांनी सांगून पाहिलं. 1977 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लोकरीचा कार्डिगन घालून टीव्हीवर आले आणि म्हणाले की हिवाळ्यात घर जरा कमी तापवा. 1979 मध्ये त्यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी सौर तावदानंही बसवली. 1980 ची निवडणूक ते हरले. हरण्याची कारणं इतर होती, पण तुम्ही धडा हाच घ्या. त्यांना हरवणाऱ्या रेगन यांच्या काळात, 1986 मध्ये, ती तावदानं उतरवली गेली आणि परत चढवली नाहीत.

स्मार्ट दिवे घ्या. रोज तासभर लागणारा नऊ वॅटचा दिवा उरलेले तेवीस तास तुमच्या हुकमाची वाट पाहत अर्धा वॅट घेत बसला, तर तो पेटून जेवढी वीज खातो त्यापेक्षा जास्त विझून खातो. शिवाय त्याला ॲप लागतं, ॲपला पासवर्ड लागतो, आणि वायफाय गेलं की हुशार दिवा आणि हुशार मालक दोघेही अंधारात.

आता मुख्य सल्ला. बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची नाही. दुरुस्ती हा मागासलेल्यांचा छंद आहे. आपण काय करायचं, तर...

जाऊ दे, घडलेलंच सांगते. माझं वॉशिंग मशीन बंद पडलं. म्हणजे मोटर ठणठणीत, ड्रम ठणठणीत, पंप ठणठणीत, गेलं ते फक्त दाराचं लॉक. दार नीट लागलंय हे मशीनला कळवणारा, तळहातावर मावेल एवढा प्लॅस्टिकचा तुकडा. तो कळवत नाही तोवर मशीन सुरू होत नाही. पाणी भरलेलं असताना दार उघडू नये म्हणून हे असायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. कंपनीचा माणूस आला. सज्जन होता. त्याने पाच मिनिटांत दोष शोधला, मोटरचा आवाज ऐकला आणि म्हणाला, “मॅडम, मशीन एकदम भारी आहे तुमचं. अजून खूप वर्षं जाईल. पण लॉक येत नाही.”

“येत नाही म्हणजे?”

“मॉडेल बंद झालं ना.”

“मग दुसऱ्या मॉडेलचं बसव.”

“त्याची पिन वेगळी आहे.”

पिन वेगळी आहे! अरे, कपडे तेच, पाणी तेच, दार तसंच गोल, आणि दरवर्षी पिन वेगळी करणाऱ्या माणसाला पगार कशाबद्दल मिळतो? मग मी केंद्राला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, ती बासरी, पुन्हा एक दाबा. मध्येच मोबाइलवर संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया रेटिंग द्या.’ कुणाचं समाधान झालं ते त्यात लिहिलं नव्हतं. शेवटी एक ताई बोलायला आल्या आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, “मॅम, तुमचं मॉडेल जुनं असल्याने वीज जास्त घेतं. एक्स्चेंज ऑफरमध्ये नवीन घेतलंत तर वीजही वाचेल आणि पर्यावरणालाही मदत होईल.”

त्या ताईंचा दोष नाही, समोरच्या पडद्यावर लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं. पण ते वाक्य ज्याने लिहिलं त्याला समोर बसवून विचारायचंय मला. पर्यावरणाला मदत? चांगलं चालणारं, भलं जड लोखंडी धूड एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी भंगारात टाकायचं, तेवढंच पोलाद, तांबं, काच, प्लॅस्टिक पुन्हा वितळवून नवं करायचं, ते ट्रकमधून आणायचं, आणि याला बचत म्हणायचं? ही वीज कुठल्या लेबलवर छापता तुम्ही? लेबलवर येते ती मशीन घरी आल्यानंतरची वीज. त्याच्या आधीची कुणाच्याच खात्यावर नाही, जणू मशीन झाडाला लागतं. आणि धुण्याची म्हणाल तर त्यात सगळ्यात जास्त वीज जाते पाणी तापवण्यात. गार पाण्यात धुवा, झाली बचत! ते बटण माझ्या जुन्या मशीनवरही आहे की. तीस वर्षांपूर्वीचा फ्रिज असता तर बदलण्यात अर्थ होता, मी स्वतः म्हणाले असते बदला. हे मशीन तेवढं जुनंही नाही, आणि नव्याची माहिती मी वाचली आहे. त्यात वायफाय आहे. वायफाय! कपडे धुऊन झाले हे मला दुसऱ्या गावात कळावं म्हणून. मी तिथून येऊन वाळत घालणार आहे का?

आणि हे सगळं नाइलाजाने होतं असं कुणी सांगू नका. युरोपीय संघाने 2021 पासून नियम केला आहे. वॉशिंग मशीनचं एखादं मॉडेल विकणं बंद केलं तरी त्यानंतर किमान दहा वर्षं त्याचे सुटे भाग मिळालेच पाहिजेत, आणि मागणी नोंदवल्यापासून पंधरा कामकाजी दिवसांत हातात पडले पाहिजेत. कुठले भाग, याची यादी आहे. त्या यादीत दाराचं लॉक चक्क नावानिशी लिहिलेलं आहे, तेही फक्त कारागिरांसाठी नाही, घरी स्वतः बसवणाऱ्या ग्राहकासाठीसुद्धा. फ्रान्समध्ये तर त्याच वर्षापासून वॉशिंग मशीन, मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दुरुस्तीचे दहापैकी गुण लिहावे लागायला लागले. तिथे कंपन्या बुडाल्या नाहीत. म्हणजे पिन सारखी ठेवता येते, तुकडा साठवून ठेवता येतो, पाठवता येतो. कायद्याने दंडुका दाखवला की सगळं येतं. दाखवला नाही की ‘लॉक येत नाही.’

नियत जुनीच आहे ही. 1924 साली बड्या दिवे-कंपन्या जिनिव्हात एकत्र बसल्या आणि दिव्याचं आयुष्य हजार तासांवर आणायचं त्यांनी संगनमताने ठरवलं. त्याआधी दीड-दोन हजार तास टिकणारे दिवे बनत होते. ज्याचा दिवा जास्त टिकेल त्या कंपनीला दंड! चांगलं काम केल्याबद्दल दंड. आता संगनमताचीही गरज उरलेली नाही, कारण आपणच टाकतो आणि आपणच आणतो.

आणि दोष कुणाचा? तुमचा. तुम्ही प्लग काढला नव्हता. आपापल्या कार्बनचा ठसा, म्हणजे आपल्या वागण्यापायी हवेत किती कार्बन जातो ते मोजायचा नाद जगाला लावला कुणी, आठवतंय? बीपी या तेल कंपनीने, 2000 च्या दशकाच्या मध्यात, जाहिराती करून आणि संकेतस्थळावर हिशेबाचं यंत्र ठेवून. तेल काढणारे ते, विकणारे ते, आणि आरशासमोर उभं करून ‘तुझा ठसा केवढा रे’ विचारणारेही तेच. आपण इमानदारीत मोजत बसलो.

पण म्हणून तुम्हाला सोडणार नाही मी. दोन वर्षांचा चालता मोबाइल बॅटरी उतरते म्हणून टाकणारे तुम्हीच. बॅटरी बदलता येते हे माहीत असूनही, ‘एवढा खर्च करण्यापेक्षा नवाच घेऊ’ म्हणणारे तुम्हीच. मोबाइलच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तुमच्या हातात येण्याआधीच होऊन गेलेला असतो. वर्षभर रोज चार्ज केलात तरी पाचसात युनिटांच्या घरातच राहतो तो. आणि त्याच्या प्लगवरून घरात भांडणं काढता! दुरुस्ती करणारा हिशेब सांगायला लागला की त्याच्याशी घासाघीस करता, आणि दुकानात एक्स्टेंडेड वॉरंटीच्या कागदावर न वाचता सही करता. कोपऱ्यावरच्या कारागिराने दुकान बंद केलं तेव्हा हळहळलात, पण शेवटचं काम त्याच्याकडे कधी नेलं होतंत? दुकानात दीड तास घालवता तो दाराचा रंग चंदेरी की काळा यावर. सुट्या भागांचं नाव काढत नाही कुणी. म्हणून तर कंपन्यांचं फावतं.

पुढच्या वेळी पैसे देण्याआधी तोंड उघडा आणि विचारा: याचे पार्ट किती वर्षं मिळणार? बाहेरच्या मेकॅनिकला देता का? लेखी द्या. विक्रेता हसेल, मॅनेजरला बोलावेल, मॅनेजर वायफाय दाखवेल. लेखी मिळालं नाही तर उठून बाहेर पडा. तिथे बसून माना डोलवू नका.