पोराच्या कमाईवर घर चालतं म्हणे!

१२ जूनला बालमजुरीविरोधी दिन आला की तोच मेसेज पुन्हा फिरतो. सार असं: गरिबाच्या पोराने काम केलं नाही तर घर उपाशी राहील, काम करता करता त्याचा हात बसतो, देश श्रीमंत झाला की बालमजुरी आपोआप जाईल, आणि बंदीने काय होतं ते बांगलादेशात दिसलंच. शिवाय एसीत बसणाऱ्यांना दोन टोमणे. ते सोडून देऊ.

बांगलादेशची गोष्ट आधी घेतो, कारण ती निम्मी खरी आहे. बालमजुरांनी बनवलेल्या मालाची आयात रोखणारं विधेयक अमेरिकेत आलं आणि त्या धास्तीने १९९३ च्या सुमारास ढाक्यातल्या कपडा कारखान्यांनी हजारो पोरं काढून टाकली. त्यातली कितीतरी खडी फोडण्यासारख्या आणखी वाईट कामांत गेली. मेसेज इथेच थांबतो. पुढे १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनिसेफ यांच्यात करार झाला: मुलांना कामावरून काढून थेट शाळेत घालायचं आणि बुडालेल्या मजुरीपोटी महिन्याला भत्ता द्यायचा. नुसती बंदी फसते, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता ‘घर चालतं’. जगातली बहुतेक बालमजुरी कारखान्यात नाही, शेतीत आहे. २०२४ च्या जागतिक अंदाजानुसार १३.८ कोटी बालमजुरांपैकी ६१ टक्के शेतीत. म्हणून आपल्या ऊसतोडीचंच बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरी मोजायची एक जोडी. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, ती फेडायची तोडलेल्या उसाच्या टनावर. फडात, म्हणजे तोडीच्या शेतात, दहा-अकरा वर्षांची मुलगी काय करते? वाढं (उसाचे शेंडे) गोळा करते, मोळ्या बांधू लागते, पाणी भरते, कोपीवर (झोपडीवर) धाकट्या भावाला सांभाळते. तिला वेगळी मजुरी नाही. टन मोजले जातात ते कोयत्याचे. तिच्या हातभाराने चार मोळ्या जास्त निघाल्या तर उचल जरा लवकर फिटते, बस्स. दोन मोठ्या माणसांच्या राबण्यात भागत नाही असा दर, आणि ती तूट पोरीने भरायची! फडावर पाळणाघर नाही, नळ नाही. ज्यांनी तो खर्च करायचा त्यांचा तोही वाचतो. कौशिक बसू आणि फाम होआंग व्हॅन या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये हेच सूत्र मांडलं होतं: मुलं बाजारात असतात म्हणून मोठ्यांची मजुरी खाली राहते, मुलं बाजूला झाली तर मजुरी वर जाऊ शकते.

‘आम्हीही शेतात राबलोच की’ हे ठरलेलं उत्तर येईल. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावायला २०१६ नंतरच्या कायद्यातही, काम धोक्याचं नसेल तर, आडकाठी नाही. फडावरच्या पोरीची शाळा सुटायला ती भरलेली तरी असायला हवी. शाळा तर मागे गावात राहिली.

हात बसतो म्हणाल, तर मोळी बांधायला बसतो. तेही काम आता हार्वेस्टर (ऊस तोडणारं यंत्र) करायला लागलंय. मुलींचं तर आणखीच: एकट्या माणसाचा अर्धा कोयता, जोडीचा पूर्ण, म्हणून लग्नाचीही घाई.

राहिलं ‘आधी श्रीमंती’. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. तेव्हा तिथल्या रयतेकडे काय पैसा उतू चालला होता? आज ऊसतोड्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती टोळ्या निघायच्या आधी सुरू झाली तर पोर गावात राहू शकतं. टोळी गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहाचा त्याला काही उपयोग नाही.