पिंपळ काय एकटा कावळा लावतो?

पितृपक्ष लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो निरोप येतोच. 'आपले ऋषी काय वेडे होते?' अशी सुरुवात आणि शेवटी जोडलेले हात. मधला मजकूर थोडक्यात असा: वड-पिंपळ माणसाला लावता येत नाहीत. त्यांचं बी कावळ्याच्या पोटात जाऊन, तिथे त्यावर 'प्रक्रिया' होऊन विष्ठेतून पडलं तरच रुजतं. पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो आणि शंभर टक्के कार्बन डायऑक्साइड शोषतो. कावळ्याची मादी भाद्रपदात अंडी घालते, तिच्या पिल्लांना सकस अन्न मिळावं म्हणून ऋषींनी श्राद्धाचा घास ठरवून दिला. म्हणजे कावळा जगला तर पिंपळ जगेल आणि पिंपळ जगला तर आपण.

आप्पाकाका दरवर्षी पाठवतात, मी दरवर्षी गप्प बसते. यंदा नववीतल्या भाचीने तो परिसंस्थेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला. वर रंगीत तक्ता: घास, बाण, कावळा, बाण, पिंपळ, बाण, ऑक्सिजन, बाण, माणूस. खाली लाल शाईत शेरा, 'छान!' तो शेरा वाचल्यावर मात्र गप्प बसवेना.

आधी भाद्रपदाचं बघू, कारण त्यासाठी पुस्तकसुद्धा उघडावं लागत नाही. कोकिळ कधी ओरडतो? चैत्र-वैशाखात. कोकिळा अंडी कुणाच्या घरट्यात घालते? कावळ्याच्या. मग कावळ्याचं घरटं भाद्रपदात असेल तर कोकिळेने उन्हाळाभर अंडी धरून बसायचं काय? गावाकडचे जुने शेतकरी कावळ्याने घरटं कुठल्या झाडावर, किती उंच बांधलंय ते बघून पावसाचा अंदाज बांधत. तो अंदाज खरा ठरतो की नाही हा वेगळा विषय, पण घरटं बघायचं ते पावसाच्या आधी, एवढं तरी त्यांना पक्कं माहीत होतं. मे महिन्यात गल्लीतून जाताना डोक्यात टोच खाल्लेल्या कुणालाही विचारा, तो कावळा घरट्याची राखण करत असतो. आपल्या गावकावळ्याचा विणीचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याचा आणि पावसाच्या तोंडावरचा. डोमकावळा तर त्याच्याही आधी सुरुवात करतो. पितृपक्षापर्यंत पिल्लं उडून कधीच पोटापाण्याला लागलेली असतात. पूर्वजांच्या नावाने निरोप लिहिणाऱ्याने पूर्वजांना काय ठाऊक होतं एवढं तरी विचारायला हवं होतं.

'माणसाला लावता येत नाहीत' यावर फार शाई खर्च करत नाही. वडाची जाड फांदी पावसाळ्यात जमिनीत रोवली की फुटते, खेड्यात हे सगळ्यांना माहीत असतं. पिंपळाची रोपं रोपवाटिकेत विकत मिळतात. आणि जुना पुरावाच हवा असेल तर दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात जा. तिथे जो अशोकाचा स्तंभ उभा आहे, त्याच्यावरच्या सातव्या लेखात 'निगोहानि लोपापितानि' असं कोरलेलं आहे. निगोह म्हणजे न्यग्रोध, वड. रस्त्यांच्या कडेने मी वड लावविले, पशूंना आणि माणसांना सावली व्हावी म्हणून, असं राजा सांगतो. सव्वाबावीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. कावळ्यांना विचारून लावविले असं काही त्यात नाही.

अर्धं खरं मात्र कबूल करायला हवं, नाइलाजाने का होईना. पक्षी फळं खातात, बी दूर नेऊन टाकतात, आणि पोटातून जाताना गर निघून गेल्याने रुजायला मदत होते, हे बरोबर. भिंतीच्या फटीत, गच्चीच्या कोपऱ्यात, किल्ल्यांच्या बुरुजांवर पिंपळ उगवतो तो असाच. पण 'मदत होते' आणि 'त्याशिवाय रुजतच नाही' यात फरक आहे. शिवाय हे काम करणारा एकटा कावळा नाही. फळांनी लदलेल्या वडाखाली सकाळी अर्धा तास उभं राहा: तांबट, कुटुर्गा, बुलबुल, साळुंक्या, हरियाल. कोकणात आणि सह्याद्रीत धनेश. माकडं. अंधार पडला की वटवाघळं, आणि ती तर उडता उडता मैलोन् मैल बी सांडत जातात. गंमत अशी की 1972च्या वन्यजीव कायद्यात कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं दोन्ही 'उपद्रवी' प्राण्यांच्या एकाच यादीत होती, 2022ची दुरुस्ती होईपर्यंत. दोघंही सारखेच बदनाम. पण निरोप आला तो कावळ्याच्या वाट्याला. वटवाघळाच्या वाट्याला काय येतं? अपशकुनी म्हणून दगड, आणि कुठली साथ आली की झाडच तोडायची मागणी. मला या निरोपाचा खरा राग येतो तो इथे. एकाच प्राण्याला देव केलं की त्याच्या शेजारी तेच काम निमूटपणे करणारे दहा जण दिसेनासे होतात. उद्या कुणी वटवाघळांचा वड तोडला तर हा निरोप पाठवणाऱ्याला त्यात काही चुकलं असं वाटणारही नाही, कारण कावळे तर शाबूत आहेत.

आणि ज्याच्यावाचून खरोखरच अडतं त्याचं तर निरोपात नावच नाही. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. ते दिसत नाही कारण ते आत असतं. वड, पिंपळ, उंबर यांचं आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर तोंड मिटलेली पिशवी असते आणि शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या बाजूला असतात. तिथे ना वारा पोचतो ना मधमाशी. पोचते ती चिलटाएवढी, जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी. टोकाच्या भोकातून मादी आत घुसते, तेही इतक्या अडचणीतून की पंख तुटून बाहेरच राहतात. अंगावर आणलेला पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. त्या अंड्यांतून निघणाऱ्या नरांना पंखच नसतात. ते आतल्या आत माद्यांशी जुगतात, बाहेर पडायची वाट पोखरतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडतात. उंबर फोडल्यावर जी केंबरं निघतात म्हणून आपण नाक मुरडतो, त्यांतली बरीचशी ही मंडळी.

वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. बाहेर पडलेली मादी जगते एखाद-दोन दिवस. तेवढ्यात तिला आपल्याच जातीचं, नेमकं त्याच अवस्थेतली फळं असलेलं झाड सापडायला हवं. म्हणून परिसरातली सगळी झाडं एकदम फळून चालत नाही. आज हे, पुढच्या महिन्यात ते, असं वर्षभर चालू राहतं. आणि म्हणूनच बाकी रानात काही नसतं तेव्हाही वडा-उंबरावर पाखरांना खायला असतं. एवढ्याशा माशीच्या दोन दिवसांच्या आयुष्यावर धनेशाचा उन्हाळा उभा आहे. परिसंस्था कशी चालते हे मुलांना शिकवायचं तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पटत नसेल तर हवाई बेटांचं बघा. तिथे ऑस्ट्रेलियातून एक वडाच्या कुळातला वृक्ष नेऊन लावला होता. झाडं वाढली, फळंही धरली, पण बी पोकळ. फळं खाणारे पक्षी होते, पाऊस होता, माती होती. शेवटी 1921 साली ऑस्ट्रेलियातून त्या झाडाची माशी मुद्दाम आणून सोडली, तेव्हा कुठे रुजणारं बी मिळालं. पक्ष्याच्या जागी दुसरा पक्षी चालतो. माशीच्या जागी दुसरी माशी सहसा चालत नाही.

राहिला ऑक्सिजन. झाडातून ऑक्सिजन निघतो तो उजेडात, पाण्याचं विघटन होताना. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो, ऑक्सिजन वापरतो. निवडुंग, अननस अशा काही वनस्पती कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवतात, अफवेचं मूळ कदाचित तिथे असेल. पण त्याही ऑक्सिजन सोडतात दिवसाच. आणि 'शंभर टक्के' म्हणजे कशाच्या शंभर टक्के? पिंपळाने हवेतला सगळा कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकला तर शेजारच्या कडुनिंबाने काय उपाशी मरायचं?

कावळ्याला घास घालू नका असं मी म्हणत नाही. आमच्याही घरी पान ठेवतात, आजीच्या तिथीला कावळा शिवेपर्यंत आई जेवत नाही आणि तिला त्यासाठी ऑक्सिजनचं कारण कधी लागलं नाही. मात्र गावकावळ्याला आपल्या घासाची गरज आहे ही समजूत काढून टाकावी. माणसाच्या उकिरड्यावर तो मजेत वाढतो आणि वाढला की दुसऱ्या पाखरांची अंडी-पिल्लं खातो. झांझिबारमार्गे पूर्व आफ्रिकेत गेलेल्या याच आपल्या कावळ्याने तिथे असा उच्छाद मांडला की 2024 साली केनियाने दहा लाख कावळे मारायची योजना जाहीर केली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. आप्पाकाकांचं उत्तर आलं, 'एवढं कोण वाचणार?' भाचीने मात्र वाचलं. उंबर कापून बघितलं, आतली वळवळ बघून किंचाळली, मग भिंग शोधत बसली. तक्ता तिने नव्याने काढलाय. बाण आता एका ओळीत नाहीत, नुसतं जाळं झालंय आणि मधोमध पेन्सिलीने काढलेला एक ठिपका आहे, कारण माशी त्या मापात तेवढीच येते. कावळाही ठेवलाय. कोपऱ्यात, वटवाघळाच्या शेजारी, आणि त्याच्या घरट्याखाली लिहिलंय: 'मे'.