माल्टाचे सहा, गोव्याचा एक

लोकसंख्येनुसार लोकसभेच्या जागांच्या फेरवाटपाचा वाद तापला की युरोपियन पार्लमेंटचा दाखला हमखास येतो. 'तिकडे बघा, छोट्यांना झुकतं माप देतात. मग लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून आम्हाला शिक्षा का?' असं माझे चेन्नईचे मित्र विचारतात. पुण्याच्या मित्रांचा सूरही हल्ली तोच. जननदर महाराष्ट्रातही घटलाय आणि उद्या उत्तर प्रदेशाच्या ८० जागा फुगल्या तर आपल्या ४८ जागांचं वजन किती उरणार, ही धास्ती खरी आहे. पण म्युनिकमध्ये राहून हा दाखला वाचताना तो अर्धाच वाटतो.

युरोपियन पार्लमेंटमध्ये ७२० खासदार. युरोपियन युनियनच्या लिस्बन करारानुसार एका देशाला कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ९६ जागा. जर्मनीचे ९६, माल्टाचे ६. जर्मनीत एका खासदारामागे साडेआठ लाखांहून जास्त माणसं, माल्टात लाखाच्याही आत. ही विषमता जर्मनांना दिसत नाही असं नाही. २००९ साली कार्ल्सरूहमधल्या जर्मनीच्या घटना न्यायालयाने तिच्यावर नेमकं बोट ठेवलं होतं.

तरीही इथे कुणी रस्त्यावर उतरत नाही, कारण हे माप दुसऱ्या पारड्यात भरून निघतं. कायदा व्हायला बहुतेक वेळा सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेचीही मंजुरी लागते. तिथे ५५ टक्के देश हवेत, शिवाय त्या देशांत युनियनची ६५ टक्के लोकसंख्या राहत असली पाहिजे. म्हणजे जर्मनीचं आकारमान तिथे पुरेपूर मोजलं जातं. आणि हे ९६ जण जर्मनी म्हणून एकगठ्ठा बसतही नाहीत, आपापल्या विचाराच्या गटात बसतात.

(मी हे सगळं बाकावर बसून बघतो. भारतीय पासपोर्टवर इथे युरोपियन निवडणुकीत मत नाही, आणि भारतात मत द्यायचं तर विमानाने मतदारसंघात हजर व्हावं लागतं.)

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. लोकसभा लोकसंख्येवर, हे बरोबरच. एक मत, एक मूल्य हे बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलेलं तत्त्व मला मोडवत नाही. राज्यांच्या जागा १९७१च्या जनगणनेवर गोठवून आपण ते आधीच बरंच वाकवलंय. पण राज्यांची म्हणवणारी राज्यसभाही साधारण लोकसंख्येवरच? उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, तामिळनाडू १८, गोवा १. छोट्या राज्याने दाद मागायची कुठे?

म्हणून भांडण राज्यसभेसाठी व्हायला हवं. तिथे राज्यांना समान, निदान समानतेच्या जवळ जाणाऱ्या जागा द्या आणि लोकसभेच्या गोठवलेल्या जागा मोकळ्या करा. पण त्या सभागृहाची सोय सगळ्याच पक्षांना हवी असते. २००३ पासून राज्यसभेवर जायला त्या राज्याचा मतदार असण्याचीही अट उरलेली नाही. ती परत आणा, असं दक्षिणेच्या हक्कांवरच्या एकाही भाषणात मी अजून ऐकलेलं नाही.