‘झोनची कटकट संपली’ म्हणे!

खान्देशातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘युडीसीपीआर आली, झोनची कटकट संपली. आता एनए लागत नाही. टाऊनशिपमध्ये घर, दुकान, कारखाना सगळं चालतं. काही राहिलंच तर गुंठेवारीत नियमित होतं.’ खाली प्लॉटचा भाव आणि ‘मोजकेच शिल्लक’.

युडीसीपीआर म्हणजे राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. ती डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून राज्यभर लागू आहे. तिने नियम बरेच सैल केले, पण झोन पुसले नाहीत. गट नंबर शेती विभागात आहे की रहिवास विभागात, हे आजही विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजनाच सांगते. विकणारा ‘भाऊ, होऊन जाईल’ म्हणाला तरी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. गिरणा, तापी किंवा पांझरेच्या काठची जमीन असेल तर पूररेषाही बघावी. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीकडच्या पूररेषेच्या, आत नवा बंगला कोणत्याच सवलतीत बसत नाही.

एनएचं म्हणणं अर्धं खरं आहे. एनए म्हणजे महसूल खात्याची वेगळी बिनशेती परवानगी, ती बऱ्याच ठिकाणी शिथिल झाली आहे. मात्र रेखांकन (लेआउट) आणि बांधकामाची मंजुरी 1966 च्या नगररचना कायद्याखाली येते आणि ती सुटलेली नाही. मेसेज लिहिणाऱ्याने या दोन गोष्टी बेमालूम एक केल्यात. मंजूर रेखांकनात रस्ते ठरतात, आणि जमीन 0.4 हेक्टर किंवा जास्त असेल तर किमान 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. शेतात चुन्याच्या रेषा मारून पाडलेल्या प्लॉटांत नेमकी हीच जागा विकली जाते.

आता टाऊनशिप. खाली दुकान, वर घर ही रचना धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांना कोणी शिकवायला नको. मिश्र वापराला माझा विरोधही नाही. एकाच आवारात घरं, बाजार, शाळा, दवाखाना असला की रोज गावभर फिरावं लागत नाही. नियमावलीतली एकात्मिक नगर वसाहत ही सवलत देतेही, अगदी शेती विभागातसुद्धा. पण त्यासाठी किमान 40 हेक्टर, म्हणजे जवळपास 100 एकर सलग जमीन, 18 मीटर रुंदीचा पोचरस्ता आणि शासनाची मान्यता लागते. पाणी, सांडपाणी, शाळा यांची सोय विकासकानेच करायची. वाटण्या होऊन होऊन आपल्याकडे चार एकर एका नावावर सापडणं मुश्कील, तिथे 100 एकर सलग कुठून आणणार? चाळीसगाव असो की शहादा, पाटीवर टाऊनशिप लिहिलं तरी आत बहुतेक वेळा साधा लेआउटच असतो. साध्या लेआउटमध्ये काय चालेल हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पिठाच्या गिरणीला अटींसह जागा मिळेल. डाळ मिल बंगल्याला खेटून उभी राहणार नाही.

गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट नंतर नियमित होण्याचा, दिलासा तर सरळ फसवा. 2001 च्या त्या कायद्याची मुदत 2021 मध्ये वाढवली, तीही 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटांसाठी. काल पाडलेला प्लॉट त्यात येत नाही.

मेसेजने एक गोष्ट मात्र शिताफीने टाळली: महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण. 500 चौरस मीटरहून मोठी जमीन असेल आणि आठाहून जास्त प्लॉट विकायचे असतील, तर विक्रीआधी नोंदणी सक्तीची आहे. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही द्यावा लागतो. या मेसेजमध्ये भाव आहे, फोन नंबर आहे, कोड नाही.