‘गरीब तो गरीब’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिली असली तरी मुद्दा खरा काढलाय म्हणून जरा लांबच लिहिते. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मी लिहिलं होतं की निंदणीला बाईला आणि गड्याला एकच रोज द्या आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा. त्यावर तुम्ही म्हणता, गरीब तो गरीब, त्यात बाई-माणूस, पाटील-भिल्ल कशाला करायचं, शेतमालाला भाव द्या, घरात पैसा आला की बाकी सगळं आपोआप सरळ होतं. आणि शेवटी विचारलंय, तुमच्या स्वतःच्या घरी काय केलं ते सांगा.

भावाचं आधी. तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता आणि आमच्या घरचा कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, त्याच्या खाली गेला, कारण कृषी केंद्राची उधारी डोक्यावर होती आणि खरेदी केंद्राच्या रांगेत गाडी उभी करून वाट बघायची ताकद नव्हती. त्यामुळे शेतकऱ्याचा खिसा भरलेला आहे असं मी कुठेच म्हटलं नाही.

पण ‘पैसा आला की आपोआप’ हे मला पटत नाही, आणि ते आपल्याच खान्देशाकडे बघून पटत नाही. केळी कुठे, सोन्याची पेढी कुठे, जिनिंग कुठे, तर जळगाव जिल्ह्यात. त्याच जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली निघाल्या ८४२. आणि नंदुरबार, जिथे १०० तले ६९ लोक आदिवासी, जिथल्या कुपोषणाच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतोय, तिथे मुलींचं प्रमाण जळगावपेक्षा कितीतरी चांगलं. मग पैशाने काय सरळ केलं सांगा? ज्या घरात पैसा आला त्याच घरांनी तो गर्भातली मुलगी ओळखायला खर्च केला, हे आपल्या जिल्ह्याचं खरं आहे आणि मला ते लिहिताना लाज वाटते.

आता पाटील-भिल्ल. तुम्ही म्हणाल वेचणी किलोवर असते, जितका वेचला तितका पैसा, त्यात भेद कुठे आला. मागच्या कार्तिकातली गोष्ट सांगते, आमच्याच शेतातली. संध्याकाळी बांधावरच्या निंबाला वजनकाटा लटकवलेला, बायका एकेक गाठोडं आणून अडकवत होत्या. भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, एक मावशी दव असल्यापासून वेचत होती, बोंडांची टोकं लागून बोटांना चिरा पडलेल्या, त्यात हळद भरलेली. तिचं भरलं ४२ किलो. काट्याशी आमच्या भावकीतला एक जण होता, तो म्हणाला सकाळचा माल ओला आहे, दीड किलो कमी धरतो. तिच्या आधी नात्यातल्या काकूंचं गाठोडं झालं होतं, त्याच रानातलं, त्याच दवातलं, त्याचं काही कापलं नाही. मग वहीत लिहायची वेळ आली तर नाव लिहिलं तिच्या नवऱ्याचं, आणि पैसे बाजाराच्या दिवशी त्याच्याच हातात गेले. मावशी फडकं झटकून घडी घालत उभी होती, बोलली काहीच नाही. मी पण तिथेच होते आणि मी पण बोलले नाही. त्या एका गाठोड्यात ती गरीब म्हणून एकदा, भिल्ल म्हणून दुसऱ्यांदा आणि बाई म्हणून तिसऱ्यांदा कमी पडली, आता यातलं कोणतं ‘फक्त गरिबी’ म्हणून वेगळं काढायचं?

ऊसतोडीला गेलेल्या माणसांना विचारा. धडगाव, तळोदा, शिरपूरकडून जोडपी जातात, आणि नवरा-बायको मिळून धरतात एक कोयता. दोन माणसं, चार हात, हिशोबात एक. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा घेतो, सही त्याची, आणि फेडायला दोघं, पोटुशी असली तरी. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं साल, म्हणजे वर्षाची मजुरी, ठरतं तेव्हाही तेच, आपण पावरा आदिवासी गड्याचं साल बोलतो, मळ्यातल्या खोलीत त्याच्यासोबत राहणारी बायको शेण-गोठा, झाडलोट सगळं करते, तिचं साल कधी कोणी बोलल्याचं मी ऐकलं नाही.

आणि ‘सरकारने कायदे करून काही होत नाही’ असं जे लिहिलंय त्याबद्दल. २००६ चा वनहक्क कायदा बघा. सातपुड्यातल्या आदिवासीला वनजमिनीचा पट्टा मिळतो तेव्हा लग्न झालेलं असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा, असं त्या कायद्यातच लिहिलंय. म्हणजे अक्राणीच्या (धडगावकडच्या) डोंगरातल्या बाईचं नाव कागदावर लावायची सोय झाली, आणि खाली तापीकाठी काळ्या जमिनीवर, जिथे आपण स्वतःला पुढारलेले समजतो, तिथे माझ्या आईचं नाव नाही! मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशात २००५ ला, आणि तरी आजोबा गेल्यावर माझ्या दोन्ही आत्यांनी साडी-चोळीवर हक्कसोड करून दिलं. कायदा कमी पडला नाही हो, आपण आडवे आलो. तुम्ही शेतकरी संघटनेचा बिल्ला लावायचे असं लिहिलंय, मग तुम्हाला तर माहीतच असेल, १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं आणि पुढे संघटनेच्या शरद जोशींनीच लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. भाव मागणाऱ्या माणसानेच ते मागितलं. त्यांना त्यात फूट दिसली नाही, मग आपल्याला का दिसावी?

रोजाचं राहिलं. गडी जड काम करतो म्हणून जास्त, हे नांगरटीला, फवारणीला म्हणा, मी भांडणार नाही. पण निंदणीला दोघं शेजारी शेजारी पात धरतात आणि बहुतेक वेळा बाईची पात आधी संपते, तरी आमच्या गावात बाईला २५० आणि गड्याला ४००. रोजगार हमीच्या कामावर आपल्या राज्यात १९७० च्या दशकापासून बाईला आणि गड्याला एकच दर आहे, तो देऊन राज्य बुडालं नाही.

घरी काय केलं ते सांगते. यंदा निंदणीला आम्ही सरसकट ३५० दिले. दोन गडी आले नाहीत, बायका जास्त आल्या, काम दोन दिवस आधी आटोपलं. खर्च थोडा वाढला, लपवत नाही. वेचणीच्या वहीत आता जिने वेचलं तिचंच नाव लिहितो, आणि ओल्याची कट घ्यायची तर सगळ्यांची, नाहीतर कोणाचीच नाही.

सातबाऱ्याला मात्र वेळ लागला. वडील चार महिने नुसते ऐकून घेत होते. आणि सगळ्यात जास्त अडून बसली आईच, म्हणे ‘मन्हं नाव लाईसन काय व्हई?’ मग तिला तिच्या मावसबहिणीचं आठवून दिलं, नवरा गेला, जमीन दिराच्या नावावर, सोसायटीचं कर्ज नाही, गारपिटीची भरपाई आली ती पण दिराच्या खात्यात, आणि ही स्वतःच्या शेतात रोजाने जाते. आई बराच वेळ गप्प बसली, मग उठून पत्र्याच्या पेटीतून आधार कार्ड काढून दिलं. अर्ज तहसीलला दिलाय, दोन चकरा झाल्या, भावाचं संमतीपत्र मागितलंय, ते परवा देतोय. नाव लागलं की उताऱ्याचा फोटो इथेच टाकीन. तोपर्यंत भाऊ, तुमच्या गावात निंदणीला रोज काय चाललाय, बाईचा आणि गड्याचा वेगवेगळा, तेवढं जरूर लिहा.