घ्या टाचणी हाती

वायफाय रेंगाळायला लागलं की समंजस माणूस राउटर बंद करतो, अर्धा मिनिट थांबतो आणि पुन्हा चालू करतो. तुम्ही तसले नाही, म्हणून तर हा लेख. रीस्टार्ट आणि रीसेट, दोन्ही शब्द 'री'ने सुरू होतात, तेव्हा अर्थही एकच असणार. राउटरच्या पाठीवर एक बारीकसं भोक असतं, आत रीसेटचं बटण. बोट आत जाऊ नये इतकं बारीक ते का ठेवलं असेल, असले प्रश्न भित्र्यांनी विचारावेत. तुम्ही टाचणी शोधा.

आत खुपसून साधारण दहा सेकंद दाबून धरा. दिवे सगळे मिळून लुकलुकले की काम फत्ते. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, पहिल्या दिवशी इंटरनेटवाला मुलगा येऊन खटाखट जे काय टाइप करून गेला होता तेही गेलं. पहिले पाढे पंचावन्न. तो टाइप करत असताना तुम्ही त्याला पाणी विचारलंत, काय टाइप करतोय ते मात्र विचारलं नाहीत. बरोबरच आहे, उगाच कशाला खोलात शिरायचं?

आता राउटरच्या आत शिरायचं. त्याचा पत्ता १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा काहीतरी असतो आणि तो पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. राउटर भिंतीवर ठोकलेला असल्यामुळे स्टिकर भिंतीकडे तोंड करून आहे. ठोकण्याआधी मोबाइलवर त्याचा एक फोटो काढता आला असता, पण झालं ते झालं. तूर्त अंदाजाने पत्ता टाका आणि तोही ब्राउझरच्या वरच्या पट्टीत नाही, सर्चच्या चौकटीत. इंटरनेट नाही म्हणून इंटरनेटवर शोधायचं, यातली गंमत सगळ्यांनाच कळते असं नाही.

लॉगिनला तुम्ही स्वतः ठेवलेला जुना पासवर्ड द्या. तो टाचणीबरोबरच पुसला गेला, हे विसरून तीन-चारदा द्या. बरेच राउटर त्यावर रुसून काही वेळ दार लावून घेतात. तेवढ्यात चहा होतो.

इंटरनेटची जोडणी पीपीपीओई प्रकारची, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करून सुरू होणारी, असेल तर युजरनेम आणि पासवर्ड लागतो, आणि तो वायफायचा नव्हे, कनेक्शनचा. काही फायबर कनेक्शनांना व्हीलॅनचा, म्हणजे एकाच वायरीतल्या अनेक वाटांपैकी आपली कोणती ते सांगणारा, एक आकडाही हवा असतो. पूर्वी कधी जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक, या राउटरमध्ये नकलून ठेवला असेल, तर ती नक्कलही पुसली गेली आहे आणि पलीकडची यंत्रणा तुम्हाला ओळखच दाखवणार नाही. हे सगळं कस्टमर केअरला एका फोनमध्ये विचारून घेता येतं. तेव्हा फोन करू नका.

खरी रंगत मात्र ज्यांच्याकडे दोन राउटर आहेत त्यांच्याकडे. मुख्य राउटर पुढच्या खोलीत आणि मागच्या खोलीत रेंज पोचावी म्हणून जोडलेला हा दुसरा. इतके दिवस तो बिचारा मदतनीस म्हणून राबत होता. टाचणी लागली आणि आपण मदतनीस आहोत हेच तो विसरला. आता तोही मालक. मुख्य राउटर येईल त्या उपकरणाला नेटवर्कवरचे पत्ते वाटतोय, हाही वाटतोय, आणि नशीब जोरावर असेल तर दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच, १९२.१६८.१.१. एका म्यानात दोन तलवारी. लॅपटॉपला जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मिळतो. म्हणून सकाळी लॅपटॉप चालतो आणि टीव्ही अडतो, संध्याकाळी टीव्ही चालतो आणि लॅपटॉप अडतो, आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्यावर संशय घेतो.

हे सहज मिटतं, हाच त्यातला धोका. दुसरा राउटर सुटा करून एकट्या लॅपटॉपला वायरने जोडायचा, त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा मुख्य राउटर वाटत नसलेला द्यायचा, त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं आणि मगच मुख्य राउटरची वायर त्याच्या वॅन, म्हणजे बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या, पोर्टात नव्हे, तर लॅन, म्हणजे घरातली उपकरणं जोडण्याच्या, पोर्टात खोचायची. हल्ली 'ॲक्सेस पॉइंट मोड' नावाचा पर्याय असतो, तो निवडला की यातलं बरंचसं आपोआप होतं. फक्त वायर कुठल्या पोर्टात ते माहितीपत्रकात पाहायचं. इतक्या झटपट संपणाऱ्या कामात कसला पुरुषार्थ?

त्यातूनही डीएचसीपी बंद केलंतच, तर लॅपटॉपवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसू शकेल. कोणीच पत्ता देईना म्हणून लॅपटॉपने तो स्वतःच्या मनाने घेतलेला असतो. म्हणजे तुमचं काम बरोबर झालंय, फक्त मुख्य राउटरची वायर लावायची राहिली आहे. हीच वेळ घाबरून पुन्हा टाचणी उचलण्याची.

शेवटी वायफायचं नाव. जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि सुरक्षेचा जुनाच प्रकार दिला, कॅपिटल-स्मॉलसकट, तर घरातली बहुतेक उपकरणं गुपचूप येऊन जोडली जातात. त्यांना रीसेटचा पत्ताही लागत नाही. एवढा पराक्रम करून कोणाला कळूच नये? छे! नवं नाव द्या. देवनागरीत दिलंत तर उत्तमच; मर्यादा ३२ बाइटची आणि आपलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा वेगळ्या मोजून, ३ बाइट खातं, तेव्हा दहा चिन्हांत आटोपा. पासवर्ड मात्र भरघोस हवा, ६३ अक्षरांपर्यंत सोय आहे. मग प्रिंटरपुढे बसून बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर भरत राहा. चाळिसाव्याला चुकलं की पहिल्यापासून. फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय समजणाऱ्या स्मार्ट बल्बांची पाळी त्यानंतर.

सगळं जुळलं की सेटिंगमध्ये 'बॅकअप' असं एक बटण दिसेल. ते दाबलं की सगळी मांडणी एका फाइलमध्ये उतरते आणि पुढच्या टाचणीनंतर त्याच राउटरमध्ये ती परत चढवली की झालं. ही फाइल लॅपटॉपवर ठेवू नका, पेन ड्राइव्हवर तर नकोच. सरळ क्लाउडवर टाका. परत हवी असेल तेव्हा नुसतं इंटरनेट असलं की पुरे.