धूर निळा आहे, पण निघतो कधी?

"इंजिन खोलायला टाकतोय," बापू म्हणाला आणि त्या संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषय निघालाच नाही.

गाडी १९६०च्या दशकातली. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, डोक्यावर व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून निळा धूर येतोय आणि ऑईल घटतंय. ज्याला दाखवली त्या मेकॅनिकने गाडी उभ्या उभ्या रेस केली, मागे जाऊन धूर बघितला आणि 'पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन बांधावं लागेल' असं सांगून मोकळा झाला. बापूने ते मानलंही होतं.

"यात चर्चा कसली?" मास्तर म्हणाले. "निळा धूर म्हणजे ऑईल, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळा आहे ना? मग ऑईल जळतंय."

"मास्तर, रंगावरून काय जळतंय एवढंच कळतं," तात्या म्हणाले. त्यांचं आयुष्य इंजिनं बांधण्यात गेलं, त्यामुळे इंजिन बांधू नका असं तेच सांगायला लागले की आम्ही जरा सावरून बसतो. "ते आलं कुठून, हे रंग सांगत नाही. बापू, धूर कधी येतो?"

"येतो की. सारखाच येतो."

"सारखा म्हणजे? सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर? चढावर? उतारावरून खाली आल्यावर? सिग्नलला थांबून निघताना?"

बापूला सांगता येईना. यात त्याचा दोष नाही. आपल्या गाडीचा धूर सगळ्यात कमी चालवणाऱ्यालाच दिसतो, मागच्याला तो पुरेपूर मिळतो.

बारक्याने मध्येच शंका काढली की धूर खरंच निळा आहे की थंडीतली वाफ आहे. प्रश्न फालतू नव्हता. मास्तरांना तर हवाच होता. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, हे त्यांनी पेट्रोलमधल्या हायड्रोजनपासून हिशेब मांडून सांगितलं. ते पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. थंड सायलेन्सरमधून सकाळी पांढरं काही निघालं आणि गाडी तापल्यावर थांबलं, तर ती नुसती वाफ. ती चार पावलांवर विरते. ऑईलचा धूर रस्त्यावर रेंगाळतो आणि नाकाला झोंबतो. गाडी तापली तरी पांढरा धूर थांबत नाही, वास गोडसर आहे आणि रेडिएटरमधलं पाणी घटतंय, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखालच्या पॅकिंगकडे, बघायचं. बापूच्या गाडीत यातलं काही नव्हतं. मागे थांबलं तर डोळे चुरचुरतात असं त्याच्याच घरच्यांचं म्हणणं होतं. म्हणजे ऑईलच.

मग तात्यांनी व्हॉल्व्ह गाईडची बाजू मांडली, ती अशी. कार्ब्युरेटरचं बटरफ्लाय, म्हणजे हवा अडवणारी झडप, बंद असतं तेव्हा पिस्टन हवा ओढायला बघतो, पण हवा आत येऊ शकत नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम तयार होतो. चांगल्या इंजिनात आयडलिंगला तो पाऱ्याचे १८ ते २१ इंच असतो, आणि गिअरमध्ये उतरताना पाय काढला की त्याच्याही वर जातो. इनलेट व्हॉल्व्हचा दांडा ज्या गाईडमध्ये सरकतो ती झिजली असेल किंवा दांड्यावरचं सील कडक होऊन तडकलं असेल, तर हा व्हॅक्यूम इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखालचं ऑईल फटीतून खाली ओढतो. रात्रभर गाडी उभी राहिली तर तेच ऑईल दांड्यावरून आपलं आपण खाली ओघळतं. म्हणून सकाळी सेल्फ मारल्याबरोबर एक निळा भपका येतो आणि थोड्या वेळात धूर साफ होतो.

"रिंगांचं तसं नसतं," तात्या म्हणाले. "रिंगा गेल्या की गाडी लोड घेताना धूर मारते. चढावर मारते, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की मारते, आणि थांबत नाही. शिवाय ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडायच्या, नळीतून भक भक हवा येते, कारण वरचा गॅस रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, क्रँक फिरतो त्या तळात, उतरतो. म्हणून बापू, लांब उतार बघ. गाडी गिअरमध्ये ठेव, पाय काढ, खालपर्यंत ये. खाली आल्यावर ॲक्सिलेटर दाब आणि मागच्या गाडीतल्या माणसाला विचार काय दिसलं. ढग निघाला तर गाईड. हेड काढून भागेल, खालच्या इंजिनाला हात लावायची गरज नाही."

मी हे असंच ऐकत आणि मानत आलोय. पण मास्तरांनी बरोबर फट शोधली. "तात्या, उतारावर व्हॅक्यूम फक्त मॅनिफोल्डमध्ये असतो का? इनलेट व्हॉल्व्ह उघडा असताना तोच सिलिंडरमध्येही असतो. मग वरून गाईडमधून ऑईल ओढलं जातं, तसं खालून झिजलेल्या रिंगांच्या बाजूनेही ओढलं जाणारच. तुमच्या उताराच्या परीक्षेत दोघेही पकडले जातील. गुन्हेगार कोण ते कसं ठरवणार?"

तात्या क्षणभर गप्प झाले, आणि तात्या गप्प होणं ही कट्ट्यावर दुर्मीळ गोष्ट आहे. "एकट्या उतारावरून ठरवायचंच नाही," ते म्हणाले. "सकाळचा भपका आहे, उताराखालचा ढग आहे आणि चढावर धूर साफ आहे, असं तिन्ही जुळलं तरच गाईड म्हणायचं. चढावरही धूर असेल तर रिंगांवर माझा संशय जाईल." मास्तरांनी एवढी माघार पुरेशी मानली.

इथे बारक्याने खिशातून मोबाईल काढला. त्याने परवा बापूच्या गाडीला सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावलं होतं आणि आकड्यांचे फोटो काढून ठेवले होते. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे. "बघा, फरक दहा टक्क्यांच्याही आत आहे. रिंगा ठणठणीत. संपला विषय."

"गरम होतं का इंजिन?"

"कोमट होतं."

"चारही प्लग काढले होतेस?"

"ज्याचं बघायचं त्याचा एकेक काढला."

"ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरला होता?"

बारक्या गप्प. मग तात्यांनी त्याला रीत सांगितली: इंजिन गरम, बॅटरी भरलेली, इग्निशन तोडलेलं, चारही प्लग बाहेर, बटरफ्लाय पूर्ण उघडं आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे तेवढेच फेरे. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वर चढला तर गळती रिंगांकडून आहे, कारण ऑईलने ती फट भरली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

पण खरा मुद्दा त्यापुढचा होता, आणि माझ्या मते त्या संध्याकाळच्या सगळ्या बोलण्यात तोच सगळ्यात मोलाचा. पिस्टनवर वरच्या दोन रिंगा असतात त्या मुख्यतः गॅस अडवतात. त्यांच्याखालची ऑईल रिंग बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, भिंतीवरचं जादा ऑईल खरवडून परत चेंबरमध्ये पाठवते. कॉम्प्रेशन गेज मोजतं ते वरच्या दोघींचं काम. ऑईल रिंगच्या खाचा काजळीने बुजल्या असतील तर ऑईल वर चढत राहतं, जळत राहतं, आणि गेजचा काटा मात्र छान वर जातो. उलट बोअरला जादा ऑईल लागलेलं असलं की सीलिंग आणखी चांगलं होतं आणि आकडा खोटा फुगतो. म्हणजे धूर मारणाऱ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन उत्तम आलं, एवढ्यावरून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. बारक्याचा चेहरा पडला, पण त्याने हे फोनमध्ये टिपून घेतलं.

"हवा भरून बघ," तात्या त्याला म्हणाले. "पिस्टन कॉम्प्रेशनला वर आण, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोड, आणि कान लाव. टॅपेट कव्हरवरच्या ऑईल भरायच्या तोंडातून फुस्स आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आला तर इनलेट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. फक्त हवेच्या जोराने इंजिन फिरतं, पान्यावर हात ठेवून उभा राहू नकोस." ऑईल रिंग यातही पकडली जात नाही, हे मात्र त्यांनी स्वतःच कबूल केलं.

मी विचारलं, प्लग कसे होते? बारक्या म्हणाला तीन तपकिरी, कोरडे. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र ओला, काळा, तेलकट. इतका वेळ हे कोणी विचारलंच नव्हतं! कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय म्हणता आलं असतं, चोक अडकलाय किंवा कार्ब्युरेटरमधला फ्लोट वर आहे. तेलकट म्हणजे ऑईल, आणि तेही एकाच सिलिंडरमध्ये. सगळ्या रिंगा झिजल्या असत्या तर चारही प्लगांनी थोडीफार साक्ष दिली असती. एका सिलिंडरचं दुखणं म्हणजे एखादी गाईड, एखादं फाटलेलं सील, किंवा एकाच पिस्टनची अडकलेली किंवा तुटलेली रिंग. चार बोअर मारून घेण्याआधी एवढं तरी कळायला हवं होतं.

"गाडी किती वर्षं उभी होती?" तात्यांनी विचारलं.

बरीच, बापू म्हणाला, वडिलांच्या नंतर कोणी हलवलीच नाही. तात्यांनी मान डोलावली. उभ्या गाडीत रिंगा आपल्या खाचेत चिकटून बसतात. झिजलेल्या नसतात, फक्त मोकळ्या होत नाहीत. अशा वेळी प्लगच्या भोकातून गंज सोडवायचं पातळ ऑईल सोडून काही दिवस मुरू द्यायचं. मग प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारून ते उडवून टाकायचं, कारण प्लग लावून सेल्फ मारला आणि सिलिंडरमध्ये द्रव साठलेला असला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नंतर इंजिन ऑईल बदलायचं, जे मुरवलं ते झिरपून चेंबरमध्ये उतरलेलं असतं. आणि मग गाडी लांब, चांगली तापवून चालवायची. कधी रिंगा सुटतात, कधी नाही. पण इंजिन खोलण्याआधी करून बघण्यासारखं आहे. मास्तरांना हा तोडगा जादूटोण्यासारखा वाटला आणि त्यांनी तसं सांगितलंही.

कट्ट्यावरच्या कोणीतरी जाड ऑईल घालायचा सल्ला दिला. २०डब्ल्यू-५०च्या जागी त्याहून जाड घाला, धूर कमी होतो. होतो, तात्या म्हणाले, आणि थंड इंजिनात ऑईल वर पोचायला वेळ लागतो तो वेगळा. गाडी विकायची असेल तर हा उपाय आहे, ठेवायची असेल तर नाही. शिसं नसलेल्या पेट्रोलवरही एकाने खापर फोडलं. ते तर साफ चूक. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला जपायचं. ते गेल्यावर मऊ सीट झिजते, टॅपेटचा गॅप कमी होतो, कॉम्प्रेशन पडतं, पण त्याने सिलिंडरमध्ये ऑईल उतरत नाही.

माझा स्वतःचा संशय शेवटपर्यंत ब्रीदरवर होता. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीत तारेची जाळी असते. ती वर्षानुवर्षांच्या चिकट्याने बुजली की चेंबरमधला दाब बाहेर पडत नाही आणि ऑईलला गाईडमधून, सीलमधून, मिळेल तिथून ढकलतो. जुन्या गाडीत दहा मिनिटांत साफ होणारी ही गोष्ट बघायची मेकॅनिकला आठवण का होत नाही, हे मला कळत नाही. तसंच ऑईल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेच्या वर ऑईल भरलं असेल तर क्रँक ते घुसळतो आणि धूर येतो. आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. मग ऑईल पातळ होतं आणि रिंगांना ते आवरत नाही. ज्या गाड्यांत ब्रेकला जोर द्यायला व्हॅक्यूमचा सर्व्हो असतो तिथे मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ब्रेक ऑईलसुद्धा मॅनिफोल्डमध्ये ओढलं जाऊन पांढरा धूर निघतो, आणि इंजिनाचा त्यात काहीच दोष नसतो. बापूच्या गाडीला सर्व्हो नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

"आणि समज गाईडचं सीलच निघालं," तात्या बापूला म्हणाले, "तर हेडसुद्धा काढावं लागेल असं नाही. पिस्टन खाली आण, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भर, टोक बाहेर ठेव, आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आण. दोरी दाबली जाते आणि व्हॉल्व्हला खालून धरून ठेवते. मग वरून स्प्रिंग काढ, सील बदल. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाच कर हे." बारक्याला दोरीची ही युक्ती इतकी आवडली की त्याला लगेच करून बघायची होती.

मास्तर मात्र अडून बसले. गाईड झिजली असेल तर नुसतं नवीन सील काही दिवसच टिकणार, दांडा डुगडुगतच राहणार, असं त्यांचं म्हणणं. तात्यांनी ते नाकारलं नाही. पण स्प्रिंग काढल्यावर दांडा हाताने हलवून बघता येतो, असं म्हणाले. शेवटी दोघांत वाद उरला तो एवढाच की उताराची परीक्षा आधी की ब्रीदर आधी. मी ब्रीदरच्या बाजूने. फुकटचं काम आधी करावं, शिवाय बुजलेला ब्रीदर तसाच ठेवून बाकीच्या परीक्षा केल्या तर त्यांचं उत्तर कोण मानणार?

बापूने गॅरेजला फोन करून गाडी आणत नाही म्हणून सांगितलं. उताराच्या वेळी मागच्या गाडीत मास्तर बसणार, कारण तात्यांना जे बघायचंय तेच दिसेल असं मास्तरांचं मत.

"दिसू दे त्यांना," तात्या म्हणाले. "बारक्या, तू मात्र सकाळी पहिल्या सेल्फला मागे उभा राहा. आणि या वेळी प्लग काढशील तेव्हा कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेव, नाहीतर तिसरा खरंच तिसरा होता का यावर उद्या परत बसावं लागेल."